नियम सातवा

ट्रंक उघडली. आधी डांबरगोळ्या,
मग शिलाई मशीनचं तेल,
मग नुसतीच धूळ.
घडीवर घडी, आठ घड्या,
आणि प्रत्येक घडीवर रेशीम उललेलं
कोरड्या ओठासारखं.

हळदोण्याच्या चर्चमागची खोली दिलीय मला.
एक लांब टेबल, भिंग, वाकडी सुई,
दमटपणा पिणारं एक यंत्र
जे वीज गेली की माझ्यासारखंच मुकाट
नदीकडे बघत बसतं.

मधोमध संत, हातात कात्री.
भोवती गोल अक्षरं:
मोंबासा, गोंयकार शिंपी बंधुसभा, १९११.
जरीचा धागा काळवंडलाय,
संताचा चेहरा कसरीनं खाल्लाय,
कात्री तेवढी शाबूत.
असणारच. शिंप्यांनी भरलीय ती,
संतापेक्षा जास्त ओळखीची.

रेशीम विलायती. कथिल पाजलेलं,
वजनावर विकायचं म्हणून.
तेच कथिल शंभर वर्षं
आतून एकेक धागा कापत आलं.
दुकानदार केव्हाच मेला,
त्याची लबाडी अजून कामावर जाते.

बावटा पालथा केला.
पुढून सगळे टाके एका हाताचे,
मागून सातजण दिसतात:
एकाची गाठ डावरी,
एकाला दोरा तोडायचा कंटाळा,
एक इतका काटकसरी
की गाठीपुढे शेपूट औषधालाही नाही.
दिवसभर साहेबांच्या कोटांना काजी करायची
आणि रात्री कंदिलापाशी
हे, फुकट.

रुझार फुर्ताद रोज चारला यायचा.
वय एक्याण्णव. शर्टाची कॉलर
उसवून, उलटवून स्वतःच शिवलेली.
हात पाठीमागे बांधून माझा टाका बघायचा.
"बारीक," म्हणायचा. एवढंच.
एकदा त्यानं खिशातून पावत्या काढल्या,
रबर लावलेली जुडी:
महिना दोन शिलिंग, सतरा वर्षं, एकही खाडा नाही.
"नियम सातवा, बाय.
सभासद मेला की त्याच्या पेटीवर हा बावटा.
हांवें वर्गणी भरल्या."
बाकीचे सगळे झाकून झाले होते.
झाकायचा राहिलेला तो एकटा.

मी समजावलं. ऊन नको, वारा नको,
उभा धरायचा नाही,
हा आता आडवाच राहणार,
अंधारात, पेटीत, कायमचा.
"ही तर माझी व्यवस्था झाली," तो म्हणाला,
"बावट्याची कोणती?"

माझ्या यादीत एक काम होतं:
खालच्या कडेचे मेणाचे डाग काढणे. तेवीस.
ब्लॉटिंग पेपर कापून ठेवला होता,
इस्त्री मंद करून ठेवली होती.
त्या संध्याकाळी पुन्हा मोजले.
तेवीस. काही मोठे, काही शिंतोडे,
एकात अडकलेला कुणाचा तरी केस.
इस्त्रीचा प्लग काढला.

तो गेला ऑक्टोबरात, मंगळवारी.
पाद्रीनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.
नियम मलाही होते, माझ्या धंद्याचे,
सातापेक्षा बरेच जास्त.
मग झिरझिरीत जाळीत शिवून घेतलेला बावटा
फळीसकट चौघांनी उचलला,
पाण्यानं काठोकाठ भरलेली परात न्यावी तसा,
आणि पेटीवर टेकवला नाही,
चार बोटं वर धरून ठेवला.
अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून उभी.
आठव्या मिनिटाला एकाचा हात थरथरला,
कोणीतरी खांदा दिला.
त्याच्या नातीची मुलगी मेणबत्ती घेऊन
बघायला पुढे आली, कात्री कुठाय म्हणून.
मला ओरडता आलं असतं.

रात्री नोंदवही उघडली.
"खालची कड, उजवा कोपरा.
नवा डाग एक, मेणाचा, मुगाएवढा.
काढू नये."
सही केली.
तारीख घालायची राहिली.