हातचा

देणगीवहीच्या चौथ्या खंडाला वाळवी लागली.
मार्च ते जुलै, एकोणीसशे बासष्ट.
आकडे खाल्लेत तिने, नावं सोडलीत.
शाईचा फरक असेल,
किंवा वाळवीलाही पैशाचीच चव.

मी लाउ सिऊ न्गुक, या शाळेची हिशेबनीस.
दोनदा निवृत्त झाले, दोनदा परत बोलावली.
कपाटाची किल्ली माझ्या कमरेला
आणि खिडकीबाहेर नदी,
कोऱ्या चहाच्या रंगाची,
ओंडके पोटाशी धरून समुद्राकडे चाललेली.

त्या सुमाराला सरकारी कागद आला होता:
इंग्रजीत शिकवा, अनुदान घ्या.
चिनीतच शिकवायचं तर तुमचं तुम्ही बघा.
सभा भरली मिऱ्याच्या गोदामात.
सभासद सारखे शिंकत होते,
सबब ठराव तीनदा वाचावा लागला,
असं इतिवृत्तात नोंदलंय.
कोण रडलं, ते नोंदलेलं नाही.

मग वहीत माणसं येऊ लागतात.
तिंग च्याँ हुओ, सायकलरिक्षा, शनिवारची सगळी कमाई.
वाँ बंधूंची भट्टी, तीळ लावलेले कोंपिया पाव,
शाळेच्या फाटकाशी विकून येईल ते.
"धुणंवाली", एवढंच, नाव नाही:
अंडी बारा, पैकी एक फुटकं.
लिहिणाऱ्याने फुटकंही जमेला धरलंय.

छपराला पत्रे यायला पुढची चार वर्षं लागली.
तोवर भूमितीचा तास सावलीबरोबर सरकायचा,
आंब्याखालून विहिरीकडे,
आणि मास्तरांचा पगार कधी तांदळात,
कधी पुढच्या महिन्यात.

पान सव्वीस.
लाउ खिंग होक, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे.
माझे वडील.
दर महिन्याला नाव आहे. आकडा एकदाही उरलेला नाही.

आणि मला त्यांनी घातलं
नदीपलीकडच्या मिशनच्या इंग्रजी शाळेत.
"ती शाळा टिकायला हवी," म्हणायचे,
"आणि तुला नोकरी लागायला हवी."
या दोन वाक्यांमध्ये पूल नव्हता.
ते रोज पोहून जायचे,
हातांना ग्रीस तसंच.

मी चिनी अक्षरं शिकले चाळिशीत,
याच इमारतीत, संध्याकाळी, मागच्या बाकावर.
अजून माझं "पोच" वाकडं येतं
आणि पावती घेताना पहिल्या वर्गातली पोरं
ओठ चावून हसतात.

सगळ्यात सुरेख अक्षर सध्या रेंगीचं.
इबान मुलगा, लाँगहाउसमधून बोटीने तीन तास,
वसतिगृहात राहतो, डाळिंबी रंगाचा टॉवेल, सतत भूक.
ब्रश असा धरतो, जणू वल्हं,
कागदाला प्रवाह असल्यासारखा.
आजोबांनी त्याची फी पाठवली आहे
मिरीच्या पोत्यातून, नोटांना तोच वास.
मी मोजताना शिंकले.
तो म्हणाला, "माफ करा, बाई," तीन भाषांत.

सहा वर्षं शिकून त्याला जे प्रमाणपत्र मिळेल
ते तैवानात चालतं, समुद्रापलीकडे कुठे कुठे चालतं.
राजधानीतल्या सरकारी विद्यापीठाच्या खिडकीवर
अजून "बघू" म्हणतात.
साठ वर्षं आम्ही त्या "बघू"च्या ओसरीवर बसलोय,
पण बसून नाही राहिलो,
प्रयोगशाळा बांधली, तिला नळ आणले,
बँडला तुताऱ्या घेतल्या, एक बेसूर आहे.

सोमवारी लेखापरीक्षक येणार.
त्याला चौथ्या खंडाची बेरीज हवी.
काय सांगू, की इथे बारीक भोकं आहेत,
उजेडात धरलं तर पलीकडची नदी दिसते?

लहानपणी मिशनच्या शाळेत
बाई बजावायच्या: हातचा विसरू नका.
तो ओळीच्या बाहेर लिहायचा, डोक्यावर, छोटा.
उत्तरात तो कुठे दिसत नाही,
पण त्याच्याशिवाय उत्तर चुकतं.

मी वडिलांच्या नावावर पेन्सिलीने
एक बारीक १ लिहून ठेवलाय.
खोडरबर समोरच आहे.
रविवार अजून अख्खा बाकी आहे.