नमुना क्रमांक एकोणीस

पहाटे साडेपाचला इलियासभाई
थर्मासचं झाकण आवळून माझ्या हातात देतो.
आत बर्फ, मिठाचं पाणी,
आणि बोकडाच्या मानेतली धमनी, करंगळीएवढी.
"ताजी है म्याडम. पर इसका करते क्या तुम लोगां?"
सहा वर्षं तो हेच विचारतो,
सहा वर्षं मी स्कूटीला किक मारते.

परभणीच्या मे महिन्यात
पेशी उबवायची पेटी थंड ठेवावी लागते.
बाहेर चव्वेचाळीस, त्यांना हवेत सदतीस.
लाइट गेली की मुंजाजी जारच्या पाण्यात
टॉवेल पिळून पेटीवर घालतो
आणि मिनिटाला एकदा हात लावून बघतो.

धमनीला आतून अस्तर असतं, एकाच पेशीचं.
शिंपी म्हणेल, हे कापडच नव्हे.
जन्मभर रक्त त्याच्यावरून जातं
आणि ते चिकटू देत नाही, एवढंच त्याचं काम.
फुगा फुगवून, जाळी बसवून नळी उघडली
की हे अस्तर फाटतं.
उघडणारे हात नांदेडला आहेत, औरंगाबादला आहेत.
फाटलेलं भरून कसं येतं,
ते मी बघत बसते.

म्हणजे काचेच्या बशीत पेशी दाट वाढवायच्या
आणि पिपेटच्या टोकानं मधोमध ओरखडा ओढायचा.
मग थांबायचं.
काठावरच्या पेशी आधी दचकून गप्प.
मग एखादी पुढं सरकते,
शेजारणीचा हात न सोडता.
अठरा तासांत ओरखडा बुजतो.
मी दर दोन तासांनी फोटो काढते.
तिसऱ्या फोटोपर्यंत कुणाशी बोलत नाही.

यंदा उरुसात, आकाशपाळण्याखाली,
इलियासभाईचा डावा हात जड झाला.
दोन जाळ्या.
महिन्यानं दुकानात आला तेव्हा
सत्तूर पोराच्या हाती, तो खुर्चीवर.
फॉर्मवर उर्दूत सही केली, बाही सारली:
"बकरे का लिया, अब मेरा भी लो."

नमुना क्रमांक एकोणीस.
नाव लिहायचं नसतं, पण अक्षर माझंच.
बशीत पेशी त्याच्याच दुकानातल्या बोकडाच्या,
वर त्याच्याच रक्ताचं पिवळं पाणी.
अठरा तास. चोवीस. छत्तीस.
ओरखडा तसाच.
काठावर सगळ्या उभ्या,
दुधनेला पाणी आल्यावर माणसं उभी राहतात तशा,
आणि पाय कुणाचाच उचलत नाही.

एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही.
शंभर हवेत. साखर, वय, तंबाखू
वेगवेगळं करून बघायला हवं.
हे मी पोरांना शिकवते
आणि ते खरं आहे.

आज थर्मास देताना त्यानं विचारलं,
"भर गई क्या, अपनी वाली?"
सहा वर्षांत पहिल्यांदा मी स्कूटी स्टँडवर लावली.
म्हटलं, गोळ्या चुकवू नका. आणि तंबाखू?
त्यानं खिशातली डबी काढली,
झाकणावर ठेवली.
"ये भी ले जाओ. इसमें क्या निकलता, देखो."

डबी खिडकीत आहे.
मुंजाजी दोनदा विचारून गेला, कुणाची.
पेटीत विसावी बशी.
पंखा मंद झालाय, लाइट जाणार बहुतेक.
टॉवेल भिजवून ठेव म्हटलं,
अजून चार तास आहेत.