मागची पायरी

आवटींच्या घरातून कुकर गेला,
शिट्टी तेवढी ओट्यावर राहिली.
तांब्याचा बंब गेला, दोन तोळ्यांचं काहीतरी गेलं,
काय ते आवटीण अजून नीट सांगत नाही.
तिसऱ्या दिवशी पुण्याहून विक्रांतचा फोन :
आई, माणूस पाठवतोय. नाही म्हणू नकोस.

माणूस म्हणजे मिरजेच्या मुजावरांचा तौफिक.
खांद्यावर शिडी, दातांत स्क्रू.
दिवाणावर त्यानं पांढऱ्या डब्या मांडल्या,
रुखवतात मांडतात तशा.
हा रात्रीसुद्धा रंगीत दाखवतो, मावशी.
हा बोलतो. चोराला म्हणतो, कोण आहे रे.
हा मांजर आणि माणूस वेगळे ओळखतो.
मी विचारलं, पाहुणा आणि चोर?
तो हसला नाही. त्याला अजून तीन घरं करायची होती.

एकतीस वर्षं मी एसटी स्टँडवर
चौकशीच्या खिडकीत बसले.
खिडकीचं भोक एवढंसं,
चेहरे दिसायचे नाहीत, नुसते हात.
हातांवरून कळायचं
कोण तासगावला निघालाय, कोण उगाच विचारतोय,
कुणाची बोटं शेजारच्याच्या खिशाकडे चाललीत.
दोनदा पकडून दिले. एकदा चुकले.
तो पोरगा आपल्याच बापाच्या खिशातून
दम्याचा पंप काढत होता.
बाप धापा टाकत भोकाशी वाकला
आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला.
तौफिकचं यंत्र म्हणे
पंधरा दिवसांनी आपलं आपण पुसतं.

गेटला एक, जिन्याला एक, पुढच्या दाराला एक.
आणि मागं?
मागनंच खरा धोका, मावशी.
पुराचं पाणीबी तुमच्यात मागनंच आलतं न्हवं?

आलं होतं. शामरावनगरात पाणी बेल वाजवत नाही.
भिंतीवर कमरेएवढी त्याची रेघ आहे,
दोनदा रंग दिला, तरी वर येते.
त्याला हा बोलका डबा काय म्हणाला असता,
कोण आहे रे?

पण मागं पायरी आहे.
दुपारी तीनला त्रिशला मगदूम येते.
दाराला कडी नसते, दगड लावलेला असतो,
तो ती पायानं सरकवते.
मग आम्ही मिश्रीची डबी उघडतो.
विक्रांतला वाटतं मी सोडली,
त्याच्या लग्नात देवक बसायच्या आधी शपथ घेतली होती.
त्रिशला सुनेचं बोलते.
मी कुणाचंच बोलत नाही, हं हं करते, काळं थुंकते.
एकदा ती रडली. एकदा मी.
हे सगळं पुण्यात, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या,
रंगीत. आवाजासकट.

ह्या स्वस्तातल्या गोलाला किती दिसतं रे?
नव्वद अंश. कोपरा सुटतो त्याचा.
कुठला कोपरा?
तो शिडीवर चढला, एका हातात कॅमेरा, एका हातात मोबाईल.
चाला, म्हणाला.
मी न्हाणीपासून चालत आले,
पेरूखालून, टाकीपुढून,
दिसताय, दिसताय, दिसताय,
पायरीवर टेकले.
आता न्हाई.

हाच बसव, म्हटलं.

तौफिकनं ड्रिल खाली घेतलं.
माझ्या तोंडाकडे नाही, बोटाकडे बघितलं,
उजव्या हाताच्या, नखात काळ्या झालेल्या.
हा पण हात वाचणाराच निघाला.
आमची अम्मीबी, एवढंच म्हणाला
आणि भिंतीला भोक पाडायला लागला.
पुराच्या रेघेच्या चांगलं हातभर वर.

रात्री विक्रांत खूश.
आई, काय क्लिअर दिसतंय गं!
पेरू दिसतोय, टाकी दिसतेय, ते मांजर कुणाचं?
सगळं दिसतंय. तू कुठायस?

इथंच, म्हटलं,
आणि डबीचं झाकण
आवाज न करता लावलं.