लाइन बझारचा गतिरोधक

उद्यमनगर ते कसबा बावडा,
पंचवीस मिनिटांचा रस्ता.
मला दीड तास लागायचा.
लाइन बझारच्या गतिरोधकावर
आधी पुढचं चाक उडायचं, मग मागचं,
आणि मागचं खाली टेकेस्तोवर
कुणीतरी मेलेलं असायचं.

कुणी मेलेलं नसायचं, हे कळायचं मला.
कळण्याचा उपयोग नव्हता.
वळायचो. गाडी कडेला लावून
डांबर बघायचो, गटार बघायचो.
एकदा उसाच्या चिपाडांचा ढीग
पायानं उकरून बघितला.
रसवाला म्हणाला, "काय हरवलंय पावणं?"
किल्ली, म्हणालो.
तो बिचारा गाडा सोडून माझ्यासोबत वाकला,
शोधत राहिला
माझ्या मुठीत असलेली किल्ली.

सकाळी पेपरात आधी अपघात.
'अज्ञात वाहनाच्या धडकेत' एवढं वाचलं
की ते वाहन मी,
गाव गडहिंग्लज असलं तरी.

कारखान्यात मात्र माझ्यासारखा तपासनीस नव्हता.
व्हर्नियर लावायचा, बघायचं, पुन्हा लावायचा.
दस्तगीर म्हणायचा,
"बापूनं पास केलेला बुश परत येत नाही लगा,
बापूच परत येतोय."
सगळे हसायचे. मीपण.

शैलजानं नंबर लावला.
राजारामपुरी, सातवी गल्ली, डॉक्टर मगदूम.
जिना मी दोनदा चढलो.
त्यांनी विचारलं, रोज किती वेळा वळता?
आकडा कुणी विचारलाच नव्हता आजवर.
अकरा, म्हणालो,
आणि भर दवाखान्यात हुंदका फुटला.

औषधाचं दुकान मुद्दाम लांबचं धरलं, शाहूपुरीत,
जिथं मेव्हण्याची ओळख नाही.
पोरानं कात्रीनं पट्टी कापली,
दहा गोळ्या, खाकी पाकीट.
घरी येऊन बघतो तर तारीख
उरलेल्या तुकड्यावर गेलेली.
माझी मुदत दुसऱ्याच कुणाच्या कपाटात.
त्या रात्री झोप नाही.

पहिले पंधरा दिवस तोंडाला कोरड,
जांभया, पहाटे बनियन ओलं.
शैलजाच्या कुशीत गेलो तर अंग
रविवारच्या लेथसारखं गार.
राहू दे, म्हणाली ती.
राहू दे म्हणजे नक्की काय,
ते छताकडं बघत तपासत पडलो.

मग नवीनच निघालं. गोळी घेतली का?
पाण्याचा घोट आठवतोय, गोळी आठवत नाही.
पट्टीची फुटलेली भोकं मोजायची.
भोकं बरोबर.
पण हातातून निसटली असली तर?
कॉटखाली बॅटरी मारून बघायचं.
झुरळ, केसाची पिन, पोरीचं खोडरबर.
डॉक्टर हसले नाहीत. डोस वाढवला.
म्हणाले, शंका आली तर दुसरी घ्यायची नाही,
शोधायचीही नाही. एखादी चुकली तर चालेल.

चालेल.
हा शब्द रस्ताभर जिभेखाली धरला.
आमच्या धंद्यात टॉलरन्स म्हणतात त्याला.
एवढं इकडं, एवढं तिकडं, तरी माल पास.
बावीस वर्षं ठाऊक होतं,
पण लोखंडापुरतं.

दहाव्या आठवड्यात, बुधवारी,
गतिरोधक आला. पुढचं चाक. मागचं.
कुणीतरी मेलं,
पण शेजारच्या घरातल्या टीव्हीवर मेल्यासारखं.
मान वळली. गाडी वळली नाही.
दारात येऊन हेल्मेट न काढता उभा राहिलो.
शैलजा म्हणाली, आज एवढ्या लवकर?
आमटीला फोडणी पडायची होती अजून.

अजूनही कधी वाटतं,
या गोळीनं खरोखर कुणी पडलेलं असताना
मला पुढं नेलं तर?
विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले,
याचं उत्तर मी देणार नाही.
आधी राग आला. आता तेवढा येत नाही.

परवा रसवाल्यानं हाक मारली,
"पावणं, गावली काय किल्ली?"
थांबलो. आलं-लिंबू घालून एक ग्लास सांगितला.
ग्लास धुतलाय का, बघितलं.
एकदाच.