आधी मीटर

हरिपूरच्या पेवात
आधी दोरीला बांधून मीटर सोडायचा,
मग माणूस.
हे मला दस्तगीर मुलाणींनी शिकवलं, ओरडून.

तोंडाशी वीस पॉइंट नऊ.
दोन हात खाली अठरा,
तिथंच तो किंचाळायला लागला,
मुठीत मावणारा पिवळा डबा.
पुरुषभर खाली अकरा.
आणि त्याच्याही खाली सिदगोंडा,
हळदीच्या ढिगावर कुशीवर निजल्यासारखा.

भाऊ काठावर.
"दिसतोय की! उतरतो, काढतो, आलोच."
दिसतोय, हीच तर गोम.
हवा संपते तिथंही उजेड पोचतो.
मी त्याच्या कमरेला मिठी मारून बसलो
आणि तो माझी आई-बहीण काढत राहिला
मुलाणी मास्क चढवून, सिलिंडर घेऊन
आत दिसेनासे होईपर्यंत.
किती वेळ, मी मोजला नाही.
मीटरनं नोंदवला: पावणेदोन मिनिटं.

आप्पा ऐनापुरे चंची सोडत म्हणाले,
"आमी कंदील सोडायचो. इझला की परत फिरायचं.
पर कंदील गप इझायचा, बाबा.
ह्यो बोंबलतोय. बरं हाय."

मिरजेच्या वाटेवर,
विश्रामबागेच्या जरा अलीकडं,
सिदगोंडा खोकला.
ड्रायव्हरनं उगाचच हॉर्न दिला.

रात्री स्टेशनात मीटर पुसत बसलो.
सेन्सरच्या जाळीतली हळद
ब्रशनं काढली, फुंकरीनं काढली.
डबा मुळातच पिवळा.
कुठवर पुसायचं,
कळेना.