कलम चौदा

करार मारिकाने उभ्यानेच वाचला,
तार्तूच्या कचेरीत, बुटांना बागेतला चिखल तसाच.

नोकरीच्या काळात जे सुचेल, सापडेल, रुजेल
ते विद्यापीठाचं.
'रुजेल' हा शब्द कायदेवाल्या उर्मासने
खास तिच्यासाठी घातलेला.

रविवारी सुचलं तर?
रविवारही आमचाच, तो म्हणाला.
आंघोळ करताना?
ते विचारून सांगतो.

लेख छापण्याआधी नव्वद दिवस
रसाच्या कंपनीला दाखवायचा.
कंपनीला तो आवडला नाही तर काय,
तिथे कागद कोरा.
तिने पेन्सिलीने लिहिलं:
फसलेली झाडंही छापीन.
उर्मास बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
खोडलं मात्र नाही.

माझ्या भाषेत, मी तिला सांगितलं,
हेही कलम आणि तू बांधतेस तेही कलम.
ती हसली नाही. विचारलं,
जगतं कुठलं?

करार तीन वर्षांचा.
थंडीत तगणाऱ्या खुंटावर फळ धरायला
चार, कधी पाच.
हे गणित एकाही परिशिष्टात नव्हतं.

फांदी दिली होती हिल्याबाईंनी,
कुंपणापलीकडे राहतात, गुडघे धरून चालतात.
त्यांची सही कुठेच लागली नाही.

पाचव्या वर्षी मारिका रीगाला,
तासांवर शिकवत.
इथे झाडाला तीन सफरचंदं,
बुंध्याला क्रमांकाची पत्र्याची पाटी.

हिल्याबाईंनी कुंपणातून हात घातला.
एक खाल्लं.
एक मोज्यात गुंडाळून रीगाला धाडलं,
सोबत चिठ्ठी:
पाटी त्यांची असेल.
चव माझ्याच झाडाची आहे.