वाडग्यातला दुसरा

चार महिन्यांचा झाला, नुसते पाय वाढले.
हॅलिबटचं डोकं उकळून दिलं,
हुंगलं, मागे सरकला.
सीलची चरबी बोटावर धरली
तर बोट चाटलं, चरबी तशीच.
मासे तोलायच्या काट्यावर दर रविवारी उभा करते:
सहा किलो. सहा किलो. पावणेसहा.

साट्टुट बेटावर कुणाचं काही लपत नाही.
पाविया येऊन म्हणाला,
"न खाणारा कुत्रा स्लेज काय ओढणार?"
आणि बंदुकीकडे न बघता
खिडकीतून गोठलेल्या समुद्राकडे बघत राहिला.
तेवढीच त्याची माया.

काल दिवा खाली ठेवून मीच जमिनीवर बसले
तेव्हा दिसलं:
स्टीलच्या वाडग्याच्या चकचकीत कडेत
एक बारकं पिल्लू, कान पाडलेलं, भुकेलं.
हा त्याच्याकडे बघतो,
नाकाने तुकडा त्याच्या बाजूला ढकलतो
आणि बसून राहतो.

आज मासा फळीवर वाढला.
खाल्ला. शेपूट सोडून सगळा.
फळीही चावली.

वाडगं आता फडताळात आहे, उपडं.
निजायच्या आधी तो तिथे गेला,
फटीला नाक लावून उभा राहिला,
मग तोंडातली शेपूट
दाराशी ठेवून आला.